मदत हवी आहे: जर्मनमध्ये बीए झालंय, सांगलीत राहून पुढे काय?

नमस्कार मंडळी,

मी विश्रामबागेत राहते. गेल्या वर्षी पुण्यातून जर्मन घेऊन बीए केलं, ग्योथे संस्थेची जर्मनची बी-टू पातळीची परीक्षाही पास झाले. आजीच्या लेखी जर्मन म्हणजे पातेलं, त्यामुळे नात तीन वर्षं काय शिकत होती हे तिला अजून कळलेलं नाही. हल्ली मलाही तोच प्रश्न पडतो.

पुण्यात दोन कंपन्यांत मुलाखती झाल्या. काम म्हणजे जर्मन ग्राहकांची बिलं तपासणं, मेलना उत्तरं देणं. त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे, म्हणून पाळी दुपारी सुरू होऊन रात्री संपते. त्याचं काही नाही, पण बाबांचं ऑपरेशन झालंय, वर्षभर तरी घर सुटणार नाही. घरबसल्या भाषांतर करून पाहिलं. एका एजन्सीने ‘चाचणी’ म्हणून बारा पानं करून घेतली आणि नंतर फोनच उचलेनात.

सध्या मिरजेच्या चार नर्सिंगच्या मुली शिकायला येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात जर्मनी आहे. तिकडे नर्स व्हायचं तर बी-वन, बी-टू लागतं. आम्ही अजून ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर. डेर-डी-दास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणारे शब्द, लक्षात राहीनात म्हणून एकीने वहीत प्रत्येक नामापुढे टिकली लावलीय, लिंगाप्रमाणे रंग वेगळा. फी घेते, पण चौघींवर घर चालत नाही.

आता खरा मुद्दा. मामांच्या ओळखीने कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या जर्मन लेथचं मॅन्युअल वाचून द्यायला गेले होते. पहिल्याच पानावर ‘श्पानफुटर’. फुटर म्हणजे चारा, एवढं मला ठाऊक. लेथला चारा कशाला? ऑपरेटर काकांनी चित्रावर बोट ठेवलं, "अवो ताई, ह्यो चक न्हवं का!" जॉब, म्हणजे कातायचा धातूचा तुकडा, पकडतो तो चक. तीन वर्षांत कविता वाचल्या, चक कुणी दाखवला नाही. पण त्या दोन दिवसांत जेवढी मजा आली तेवढी कॉलेजात कधी आली नाही. मोबाइलवरचं भाषांतर त्यांनी आधीच करून पाहिलं होतं, वाक्यं बरी होती, पण सुरक्षेच्या सूचनांवर विसंबायची त्यांची छाती होईना.

तर विचारायचं असं:

तांत्रिक भाषांतरात जायचं तर एमएला अर्थ आहे का, की त्यापेक्षा सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा) एखादा छोटा कोर्स करून यंत्रांची भाषा शिकू? आई म्हणते एमए करून नेट दे, प्राध्यापक हो.

कुणी कारखान्यांसाठी असं काम थेट करतं का? दर पानावर लावता की शब्दावर? आगाऊ किती मागता?

आणि तासगावचे कुणी द्राक्षं युरोपला पाठवणारे इथे असतील तर सांगा, तिकडच्या खरेदीदारांशी बोलायला जर्मनवाली लागते का, की इंग्रजीवर भागतं?

"पुण्याला जा" सोडून काहीही सुचवा.