मदत हवी आहे : बोंडअळीवरचा पेपर रिव्ह्यूआधीच परत आलाय, मांडणी दुरुस्त करायची आहे

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे राहते. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते, सोबत पीएचडी सुरू आहे. दोन हंगाम आमच्या भागातल्या कपाशीच्या आठ वावरांत गुलाबी बोंडअळीच्या नोंदी घेतल्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) पडलेले पतंग मोजायचे, शंभर फुलांमागे डोमकळ्या (अळीने पाकळ्या आतून चिकटवल्याने न उमललेली फुलं) किती ते बघायचं, आणि दर पंधरवड्याला प्रत्येक वावरातून वीस हिरवी बोंडं तोडून, फोडून आतल्या अळ्या मोजायच्या. बोंड फोडलं की सरकीत तोंड खुपसून बसलेली अळी दिसायची आणि शेजारी उभा असलेला वावराचा मालक म्हणायचा, "बाई, वरून तं बोंड चांगलं दिसत होतं." हे कुठेतरी नीट छापून यावं, एवढ्यासाठी खटाटोप आहे.

पेपर इंग्रजीत लिहून एका जर्नलला पाठवला. पाचव्या दिवशी परत. तज्ज्ञांपर्यंत गेलाच नाही, संपादकीय ऑफिसच्या प्राथमिक तपासणीतच अडकला. पत्रातली कारणं अशी: ओळींना क्रमांक नाहीत, तक्ते चित्र म्हणून चिकटवलेत, संदर्भ त्यांच्या शैलीत नाहीत, फोटो कमी रिझोल्यूशनचे आहेत, लेखकांची नावं मुख्य फाइलमध्येच आहेत (हे जर्नल दोन्हीकडची नावं झाकून तपासणी करतं), आणि पुरवणी वाचता येत नाही. तीस दिवसांत दुरुस्त करून पाठवायचा आहे.

माझ्या सरांना विषय पाठ आहे, पण ऑनलाइन सबमिशन त्यांनीही कधी केलेलं नाही. संदर्भ ६२ आहेत, सगळे हाताने टाइप केलेले. फोटो चुलतभावाने मोबाइलवर काढून व्हॉट्सॅपवर पाठवले होते. पुरवणीत शेतकऱ्यांसाठीची मराठी प्रश्नावली आहे, ती डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित दिसते, जर्नलने तयार केलेल्या पीडीएफमध्ये मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पैसे देऊन फॉरमॅटिंग करून देणारे आहेत, पण मला स्वतः शिकायचंय, पुढे अजून दोन पेपर लिहायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

अकोलेकर :

ताई, आधी मनातून काढून टाका की पेपर नाकारला. त्यांनी फक्त दारात थांबवून कागदपत्रं मागितली आहेत.

लेखकांसाठीच्या सूचनांचं पान छापून घ्या आणि त्याच जर्नलमधला कीटकांवरचा एखादा ताजा पेपर शेजारी ठेवा. सूचनेत जे कळत नाही ते छापलेल्या पेपरात दिसतं.

ओळींचे क्रमांक वर्डमध्ये लेआउटमध्ये आहेत, त्यातलं 'कंटिन्यूअस' निवडा. दर पानावर एकपासून सुरू होणारं नको. रिव्ह्यूअर "ओळ २१४ मध्ये सापळ्यांची उंची दिलेली नाही" असं लिहितो. क्रमांक नसले तर त्याने बोट कुठे ठेवायचं? तक्ते वर्डच्या टेबलमध्येच करा, एका चौकटीत एकच आकडा. स्पेसबार मारून रांगा जुळवू नका, छपाईत सगळं सरकतं.

नावांसाठी वेगळं शीर्षकपान लागतं. लेखक, कॉलेज, ओरसिड (संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक, फुकट मिळतो), आभार, निधी कुठून आला, हितसंबंध, कोणी काय काम केलं, हे सगळं तिथे. मुख्य फाइलमधून "आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत" अशी वाक्यंही काढा. आणि वर्डच्या फाइल माहितीत तुमचं नाव लपलेलं असतं, ते 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर'ने पुसा. हे बरेच जण विसरतात.

आता जे पत्रात नाही पण रिव्ह्यूअर धरणारच. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, पहिल्यांदा पूर्ण, तिरक्या अक्षरांत. पुढे सॉन्डर्स (तिला पहिल्यांदा शास्त्रीय नाव देणारे) हे नाव सरळ अक्षरांत आणि कंसात, कारण त्यांनी ही अळी वेगळ्या प्रजातीत (जीनस) टाकली होती, ती नंतर बदलली. तो कंस शोभेचा नाही, काढू नका. बीटीबद्दल (अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक घातलेली कपाशी) लिहिताना जनुकाचं नाव तिरकं आणि लहान अक्षराने सुरू, प्रथिनाचं नाव सरळ आणि मोठ्या अक्षराने. बीजी-२ (बोलगार्ड-२, बीटी कपाशीचा एक प्रकार) मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन्ही प्रथिनं आहेत. कुठे जनुक म्हणायचंय आणि कुठे प्रथिन, हे वाक्यावाक्याला ठरवा.

उत्पादन एकरी क्विंटलमध्ये दिलं असेल तर हेक्टरी किलोत करा. एकरी ६ क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण १४८३ किलो. टक्केवारीला आर्कसाइन किंवा मोजणीला वर्गमूळ रूपांतर (सांख्यिकी चाचणीसाठी आकडे बदलून घेणं) केलं असेल तर तक्त्यात मूळ सरासरी द्या, रूपांतरित आकडा कंसात, आणि तळटीपेत तसं स्पष्ट लिहा. एक विनंती, पतंगांचा तक्ता इथे टाकता का? तिथे लोक हमखास अडकतात.

अमरावतीचा डीटीपीवाला :

ताई, तुमची पुरवणी काहून फुटली ते सांगतो. मी पंधरा वर्षांपासून हेच काम करून राहिलो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्याले मराठीचा चेहरा देते. तुमच्या लॅपटॉपात तो फॉन्ट आहे म्हणून दिसते, त्यांच्याकडे नाही म्हणून दिसत नाही.

युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. कन्व्हर्टर फुकट भेटतात, पण नंतर एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा. रफार अन् पहिली वेलांटी हमखास जागा सोडते, 'वर्ष' अन् 'किती' हे शब्द आधी तपासा. मग मंगल नाही तर निर्मला फॉन्ट लावा, पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा, अन् ती फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा. अन् भरलेले फॉर्म जोडले असतील तर शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, गट नंबर काढून टाका. कोरी प्रश्नावली पुरते.

फोटोचं असं आहे, नुसतं ७२ चं ३०० करून काही होत नाही. डीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल छापायचे एवढंच. फोटोत पिक्सेल किती आहेत ते पाहा. एका कॉलमची रुंदी साधारण ९ सेंटीमीटर, म्हणजे साडेतीन इंच. ३०० ने छापायचं तर १०६३ पिक्सेल रुंदी पाहिजे. दोन्ही कॉलम भरून फोटो पाहिजे असला तर त्याच्या दुपटीहून जास्त. व्हॉट्सॅप फोटो दाबून पाठवते, त्यात डोमकळीच्या पाकळ्या चिकटल्यात का नाही तेच समजत नाही. भावाच्या मोबाइलात मूळ फोटो असतीलच, ते 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. आलेख एक्सेलमधून चित्र काढून चिकटवू नका, पीडीएफ म्हणून काढा, कितीही मोठा केला तरी रेघ फाटत नाही.

नागपूरहून, ग्रंथपाल :

६२ संदर्भ पुन्हा हाताने टाइप करू नका, ताई. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, खंड, पानं आपोआप येतात. जर्नलची शैली निवडा, वर्डमध्ये झोटेरोमधूनच उल्लेख घाला, यादी तो तयार करतो. उद्या दुसऱ्या जर्नलला पाठवायचं झालं तर शैली बदलायची, बस.

पण आपोआप आलेलं सगळं बरोबर नसतं. शीर्षकातली शास्त्रीय नावं सरळ येतात, त्यांच्या आधी-मागे इटॅलिकचा टॅग घालावा लागतो. काही शीर्षकं पूर्ण मोठ्या अक्षरांत येतात. कृषी विद्यापीठांचे जुने प्रबंध आणि अहवाल यांना डीओआय नसतो, ते हाताने भरा आणि प्रकार 'थिसिस' किंवा 'रिपोर्ट' असाच निवडा. आणि जो पेपर तुम्ही स्वतः वाचलेला नाही, दुसऱ्याच्या यादीतून उचललाय, तो काढून टाका. ६२ चे ५० झाले तरी चालेल.

दुसरं, या तीस दिवसांत "तीन दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा" असे ईमेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपल्यावर जास्त आहे. संपादक मंडळातले लोक खरे आहेत का, त्यांच्या संस्थेच्या पानावर त्यांनी या जर्नलचा उल्लेख केलाय का, एवढं तरी बघत जा.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रात्री दहानंतर बसत होते, तेव्हाच नेट बरं चालतं. प्रश्नावली युनिकोडमध्ये झाली, 'वर्ष' सात ठिकाणी फुटलं होतं. मूळ फोटो मिळाले, ४००० पिक्सेल रुंद आहेत. डोमकळीच्या पाकळ्यांना अळीने आतून घातलेले धागे आता स्पष्ट दिसतात. संदर्भ ५४ उरले.

अकोलेकर सर, तक्ता ४ चा मथळा मी "कामगंध सापळ्यातील पतंगांची संख्या" असा दिला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ४३, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ७१. चर्चेत लिहिलंय की ऑक्टोबरपासूनच पतंग आर्थिक नुकसान पातळीच्या (ज्या संख्येपुढे उपाय करायलाच हवा, तिच्या) वर होते.

अकोलेकर :

ताई, ४३ पतंग कशात? एका सापळ्यात का वावरातल्या सगळ्या सापळ्यांत? एका रात्रीत का आठवड्यात? पातळी म्हणतो ती सलग तीन रात्री, दर रात्री, दर सापळ्याला आठ पतंग. मथळ्यात ते नसेल तर वाचणारा तुलना कशी करणार?

धागाकर्ती :

सर, वही काढून बघितली. प्रत्येक पानावर "सोमवार" लिहिलंय. सापळे मी दर सोमवारी रिकामे करत होते, म्हणजे आकडा सात रात्रींचा, दर सापळ्याची सरासरी. ४३ भागिले ७ म्हणजे रात्रीला ६.१. ऑक्टोबर पातळीच्या खालीच होता. नोव्हेंबरचे ७१ म्हणजे १०.१, ते वर आहेत. चर्चेतला तो परिच्छेद चुकीचा होता आणि तो तसाच गेला असता, या विचाराने रात्रभर झोप नाही लागली. सरांना सकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, परिच्छेद काढ आणि खरं आहे तेवढं लिही.

आठवड्याच्या सरासरीवरून सलग तीन रात्रींचं काही म्हणता येतं का?

अकोलेकर :

नाही येत. एखाद्या आठवड्यात पहिल्या तीन रात्री पंधरा-पंधरा पडून पुढे शून्यही असू शकतात. तेही पद्धतीत आणि मर्यादांत लिहा: सापळे आठवड्यातून एकदाच मोजले, त्यामुळे सलग रात्रींची पातळी थेट तपासता आली नाही. बोंडं फोडून मिळालेले आकडे तुमच्याकडे आहेतच, चर्चेत भर त्यांच्यावर द्या. आणि पातळीचा संदर्भ वर्तमानपत्रातल्या सल्ल्याचा देऊ नका, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं किंवा कृषी विद्यापीठाचं मूळ प्रकाशन शोधून द्या. नव्या मथळ्याचा मसुदा इथे टाका, बघतो.

धागाकर्ती :

असा केलाय : "तक्ता ४. आठ शेतांतील कामगंध सापळ्यांत आढळलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग (प्रति सापळा प्रति रात्र, सात रात्रींच्या एकत्रित मोजणीवरून काढलेली सरासरी ± प्रमाण त्रुटी)". कंसातलं लांबलंय का?

अकोलेकर :

लांबू द्या. 'नर' घातलंत ते फार बरं केलं, मी सुचवणारच होतो. खाली तळटीपेत सापळे किती आणि ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) किती दिवसांनी बदललं तेवढं टाका आणि पाठवा.