जुन्या खेळण्यांतून गड्डा यात्रेचं चित्र करायचंय, प्लास्टिक कशानं टिकेल?

पत्रातालीमकर
पोतंभर जुनी खेळणी आहेत. प्लास्टिकच्या गाड्या, रबरी बाहुल्या, भातुकली, ठोकळे, किल्ल्यावरचे मातीचे मावळे. त्यांतून दोन बाय तीन फुटांचं भिंतीवर लावायचं चित्र करायचंय. विषय गड्डा यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा: होम मैदान, आकाशपाळणा, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) आणि गर्दी. भिंत पश्चिमेची आहे, एप्रिल-मे मध्ये चांगलीच तापते. फेविक्विक घेऊ की ग्लू गन? तळाला सोलापुरी चादर ताणली तर? आणि सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारला तर एकसारखं दिसेल का?

कांडीबॉबिन
मालक, आधी ग्लू गन बाजूला ठेवा. तिची कांडी उष्णतेनंच वितळते. आपल्याकडं पारा 42-43 ला गेला की पश्चिमेची भिंत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मग गोंद मऊ पडून जड गाड्या हळूहळू खाली सरकतात.

कुठलाही गोंद घेण्याआधी प्लास्टिक ओळखा. खेळण्याच्या आतल्या बाजूनं नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. अख्खं खेळणं टाकू नका, आत हवा असते म्हणून ते तरंगणारच. तुकडा तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. हात लावला तर मेणचट लागतं, स्वस्तातल्या गाड्या, बादल्या, भातुकली बहुतेक यातलीच. यावर कुठलाच घरगुती गोंद धरत नाही, काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. तुकडा बुडाला तर ठोकळ्यांचं कडक प्लास्टिक नाहीतर पीव्हीसी. जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीव्हीसीचा धूर घातक असतो.

कडक प्लास्टिकला 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं चरे पाडा, पुसा आणि अराल्डाइट (दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद) लावा. दोन्ही ट्यूब सारख्या मापात मिसळायच्या. 24 तास आडवं ठेवायचं, उभं केलं की घसरतं. फेविक्विक फक्त जागेवर धरून ठेवायला. त्याचा सांधा कडक, ठिसूळ असतो, धक्का बसला की तुटतो. शिवाय जास्त ओतलं तर आजूबाजूला पांढरी वाफ धरते आणि लाल-निळ्या रंगावर ती डोळ्यात भरते.

तरंगणाऱ्या प्लास्टिकला तारच बांधा. मोटर वायंडिंगच्या दुकानातून 20 गेजची तांब्याची तार घ्या, खेळण्याला आणि तळाच्या प्लायला 2 मिमीची दोन-दोन भोकं पाडा, मागं पीळ द्या. बांधकामाची तार नको, गंज ओघळतो. गाडीचं अंग जाड असेल तर मागून पाऊण इंची स्क्रू. प्लाय 12 मिमी धरला तर स्क्रू साधारण 7 मिमी आत जातो, तेवढं पुरतं. आणखी लांब घेतला तर समोरून टोक बाहेर येतं.

भातुकली_सोलापूर
रबरी बाहुल्यांचं वेगळं प्रकरण आहे. त्या मऊ पीव्हीसीच्या असतात. मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं, म्हणून जुनी बाहुली चिकट लागते. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, वाळली की टाल्कम पावडर चोळा. कडक प्लास्टिकला टेकवून ठेवू नका, त्यावर वितळल्यासारखे डाग पडतात. त्याच द्रव्यामुळं गोंदही ढिला होतो, म्हणून जाड नायलॉन दोऱ्यानं काखेतून टाचायच्या. आणि सोनेरी स्प्रे तर मुळीच नको. बाहुलीवर तो वाळतच नाही, धूळ धरून बसतो. मेणचट गाड्यांवरून टवके उडतात.

तसंही सोनेरी रंगानं मजाच जाते ओ. घासलेला पिवळा टेम्पो, अर्धं पुसलेलं स्टिकर, हेच बघून माणूस भिंतीसमोर थांबतो. चकचकीत सोन्याचा ढीग काय, कुठल्याही हॉटेलात दिसतो.

धुताना थिनर वापरू नका, ठोकळे विरघळतात. उकळतं पाणीही नको. मातीच्या मावळ्यांना पाणीच लावायचं नाही, रंग निघतो. कोरड्या ब्रशनं झटका आणि फेविकॉल लावा, माती तो शोषून घेते. वाजणारी खेळणी उघडून सेल काढा, बटण सेल तर आधी. पांढरी पूड जमली असेल तर हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसा.

एक महत्त्वाचं. खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. त्याआधीच्या रंगवलेल्या पत्र्याच्या आणि लाकडी खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पेपर घासून धूळ उडवू नका. तशीच ठेवा, वरून फक्त पारदर्शक लॅकर.

चाटीगल्ली
चादरीबद्दल बोलतो. पूर्ण तळाला ताणू नका. सोलापुरी चादरीची नक्षी एवढी ठळक असते की तिच्यापुढं खेळणी दिसायचीच नाहीत. कडेला तीन-तीन इंच पट्टी लावा आणि मधे फिका मातकट रंग द्या, मैदानाची जमीन होते. पट्टी स्टेपलनं मागं दुमडून ताणा. चादरीवर गोंदानं काही चिकटवलं तर ते धाग्यांनाच धरतं, धागा ओढला की खेळणं गेलं.

पाळण्याला लहान सायकलची रिम घ्या. 12 इंची टायरच्या सायकलची रिम आठ-नऊ इंच भरते. आरे तसेच राहू द्या, त्यांना भातुकलीचे आठ कप टांगा. भोक कपाच्या मध्याच्या वर, काठाजवळ घ्यायचं. खाली घेतलं तर चाक फिरताना कप उलटे होतात. मधला अक्सल प्लायमधून आरपार नेऊन मागं नट लावा. मोटर लावायच्या भानगडीत पडू नका, बोटानं फिरवण्यातच गंमत आहे.

नंदीध्वज सात, तेवढेच करा. विणकामाच्या जुन्या सुया किंवा पिचकारीच्या दांड्या चालतील. ते उभे आडवे विखरू नका, एका ओळीत चालत आलेले दिसले पाहिजेत.

पत्रातालीमकर
स्प्रे रद्द. एवढं सगळं मावेल का? आणि टांगायचं कसं?

कांडीबॉबिन
चादरीची पट्टी आणि पाळणा सोडून तीन-तीन इंचांची धरली तर 45-50 खेळणी मावतात, बाकीची राहू द्या. आधी जमिनीवर त्याच मापाचा कागद अंथरून सगळं मांडा. पाळणा आणि नंदीध्वज आधी, गर्दी शेवटी. वरून फोटो काढून काळापांढरा करून बघा. सगळं एकाच करड्या रंगात मिसळलं तर फिकी खेळणी पाळण्यामागं सरकवा. मग प्रत्येकाला मास्किंग टेपवर नंबर.

प्लाय चार किलोच्या आसपास, खेळणी आणि रिम धरून दहा किलो होईल. एका खिळ्यावर नको. 8 मिमीचे दोन प्लग, दोन इंची स्क्रू, दोघांत दीड फूट अंतर. जुन्या मातीच्या भिंतीत प्लग फिरतो, तिथं आडवी लाकडी पट्टी चार ठिकाणी कसून त्यावर टांगा. खाली पाळण्याला लहान मुलांचा हात पोचणार असेल तर तीन वर्षांखालच्यांच्या तोंडात जातील असे बारीक तुकडे वरच्या अर्ध्यातच बसवा.