एकाच खोलीत कोंडून सगळ्यांची चिडचिड वाढलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईच्या ऑपरेशनपासून आई, मी आणि घरूनच काम करणारा भाऊ एका खोलीत अडकलोय. भांडणाला कारण लागत नाही. चमचा वाजला, पंखा कोणी वाढवला, की ठिणगी पडतेच. आई रात्रभर जागी, दुपारी झोपलेली. भाऊ तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतो.

अंटार्क्टिकावर हिवाळाभर राहणाऱ्या पथकांतही झोपमोड, चिडचिड, शून्यात बघत बसणं आढळतं, असं वाचलं. २०१०-११ मध्ये मॉस्कोत ५२० दिवस बंदिस्त राहिलेल्या मार्स-५०० या प्रयोगातल्या (मंगळमोहिमेची जमिनीवरची रंगीत तालीम) सहा जणांपैकी काहींच्या झोपेची घडीही विस्कटली होती. म्हणजे हा स्वभावाचा दोष नाही, एवढं कळलं. पण करायचं काय?

सकाळी उजेडात बसणं आणि उठण्याची ठरलेली वेळ, एवढं सुरू केलंय. आईला थोडा फरक वाटतो. ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला कृपया नको, तो पोटभर मिळालाय.

एकाच खोलीत प्रत्येकाला थोडा एकांत कसा मिळवून देता? भाऊ बोलतच नाही, त्याला बोलतं करावं की तूर्त सोडून द्यावं? आणि समुपदेशकाकडे जायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?