लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून दिवस कसा आखलात? अनुभव लिहा

वधूमाय
डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. दादरचा हॉल, मुहूर्त दुपारी बारानंतरचा. केटरर आणि गुरुजी ठरले. फोटोग्राफरने पहिल्याच भेटीत विचारलं, "काकू, दिवसाचं टायमिंग काय?" मी मुहूर्त सांगितला, तर म्हणाला, "तो पत्रिकेत असतोच, बाकीचं सांगा." बाकीचं आम्ही ठरवलेलंच नाही! मुंबईत ज्यांची लग्नं झाली किंवा ज्यांनी लावून दिली, त्यांनी लिहा. कॅमेऱ्यांची मॉडेल्स नकोत. वेळ, जागा आणि माणसं कशी सांभाळलीत ते हवंय.

पार्लेकरीण
काकू, बरोबर विचारतोय तो. आमचा मुहूर्त 12:25 चा होता. तिथून आम्ही उलटं मोजत गेलो. बाराला मामाने हात धरून बोहल्यावर न्यायचं, त्याआधी गौरीहर, त्याआधी अष्टपुत्री नेसणं, त्याआधी नऊवारीतले फोटो. साडी बदलायची म्हणजे नुसती साडी नसते. गजरा सुटतो, नथ अडकते, कुणीतरी पिना शोधत फिरतं. एका बदलाला पाऊण तास धराच. मी एक साडी यादीतून काढून टाकली आणि तो वेळ गौरीहराला दिला. अल्बममधले माझे सगळ्यात आवडते फोटो तिथलेच आहेत. नवरी एकटीच बसलेली असते, अन्नपूर्णेवर अक्षता वाहत असते, "इकडे बघ, हस" म्हणणारं कुणी नसतं. फोटोग्राफरलाही घाई नव्हती.

दुसरं म्हणजे वधूपक्षाची खोली. हॉलमधल्या या खोल्यांत ट्यूबलाइट, एक आरसा आणि ढीगभर पिशव्या. आधी हॉल बघायला गेलो तेव्हा आमच्या फोटोग्राफरने फक्त खिडकी कुठे आहे ते पाहिलं. मेकअपची खुर्ची खिडकीकडे तोंड करून लावली आणि ट्यूब बंद. चुलतबहिणीला एकच काम दिलं होतं: त्या कोपऱ्यात बॅग, चहाचा कप, चार्जर काही येऊ द्यायचं नाही. तिने आत्याची पर्ससुद्धा उचलून बाहेर ठेवली. आत्या अजून तिच्याशी धड बोलत नाही, पण फोटो स्वच्छ आलेत.

लेन्समागचा
मी याच धंद्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

डेकोरेटरशी बोलणी करताना फुलांबरोबर दिव्यांचंही बोला. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी पार लाइट (रंगीत झोताचे दिवे) मारले की प्रत्यक्षात झगमगाट वाटतो, फोटोत मात्र नवरा-नवरीचे चेहरे जांभळे होतात आणि हिरवा चुडा काळपट दिसतो. एडिटिंगमध्ये हा रंग पूर्ण निघत नाही. रंगीत दिवे मागच्या पडद्यावर टाका, चेहऱ्यावर पिवळसर पांढराच प्रकाश ठेवा, निदान विधी चालू असताना तरी. मागे एलईडी वॉल असेल तर ती विधींच्या वेळी बंद ठेवायला सांगा. ती डोळ्यांना न कळता सारखी लुकलुकत असते (रिफ्रेश रेट म्हणतात तो), त्यामुळे फोटोत आडवे पट्टे येतात.

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. उडत्या अक्षता हवेत गोठवायच्या तर शटर सेकंदाच्या 1/250 किंवा त्याहून वेगवान लागतं, त्यामुळे उजेड भरपूर हवा. आणि वाट मोकळी हवी! तेवढ्यात सगळे काका मोबाइल वर करून बोहल्याला गराडा घालतात. आता मी वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांनाही आधीच सांगतो, की बोहल्याच्या समोरची बाजू सोडून उभे राहा, अक्षता बाजूने टाका. हे मी सांगून ऐकत नाहीत. नवरीच्या वडिलांनी माइकवरून सांगितलं की ऐकतात.

दोन्ही घरांचे वेगळे फोटोग्राफर असतील तर त्यांची आधी गाठ घालून द्या. नाहीतर प्रत्येक फोटोत समोरच्याचा कॅमेरा दिसतो.

ड्रोनचं मुंबईत मनातून काढूनच टाका. विमानतळाच्या आसपासचा भाग प्रतिबंधित आहे, शिवाय शहरात ड्रोन उडवण्यावर पोलिसांचे बंदी आदेश वरचेवर निघत असतात. "मॅनेज करतो" म्हणणाऱ्याला कामच देऊ नका.

गोरेगावचे गुरुजी
वरच्या दादांचं पटलं, पण आमची बाजूही ऐका. मंगळसूत्र एकदाच घातलं जातं. "गुरुजी, परत एकदा, फोकस गेला" हे मला लग्नसराईत सारखं ऐकावं लागतं. विधी संपल्यावर हौसेने हवं तेवढ्या वेळा घाला, माझी ना नाही. मंत्र चालू असताना मात्र थांबवू नका.

फोटोग्राफर आदल्या दिवशी फोन करतो तेव्हा मला आवडतं. मी क्रम सांगतो: कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. अंतरपाटाची खूण अगदी सोपी आहे. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की कॅमेरा तयार ठेवायचा, ते संपलं की पडदा खाली. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. तो भाऊ ऐनवेळी जेवणाच्या रांगेत सापडतो, त्याला आधीच पकडून ठेवा. होमाला जोडपं पूर्वेकडे तोंड करून बसतं, त्यामुळे हॉल बघायला जाल तेव्हा स्टेजवर पूर्व कुठे येते ते पाहून घ्या. तिथे खांब किंवा शोभेची कमान असेल तर फोटोग्राफर उभा राहणार कुठे? होम पेटला की धूर चेहऱ्यावर जाणार नाही असे पंखे फिरवा.

मेकअपताई
दोनच गोष्टी. एक, दाराशी ट्रॅफिक आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, हे दोन्ही धरून मेकअपवालीला बोलवा. ती उशिरा आली तर पुढचा सगळा दिवस सरकतो, आणि त्यात पहिला बळी फोटोंचा जातो. दुसरं, ट्रायलच्या दिवशी फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा. सिलिका असलेल्या पावडरी आणि काही सनस्क्रीन आरशात अजिबात दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात. मेच्या उकाड्यात खोलीतला एसी मेकअपच्या आधी तासभर लावा, मेकअप झाल्यावर नव्हे.

मोठी जाऊ
ग्रुप फोटो! यावर कुणी काहीच लिहिलं नाही. आमच्याकडे नणंदेने यादी केली होती: आजोळ, सासर, ऑफिस, शाळेच्या मैत्रिणी, जुन्या चाळीतले शेजारी. दोन्ही घरांतला एकेक माणूस यादी घेऊन स्टेजखाली उभा. फोटोग्राफरला तुमचे मामा कोण, मावसा कोण हे कसं कळणार? वयस्कर मंडळींचे फोटो आधी उरकले, कारण त्यांना जेवून औषधं घ्यायची असतात आणि ती थांबत नाहीत. विहिणीची पंगत बसायच्या आधी पानं वाढलेली, रांगोळी काढलेली असते, तेव्हा पाच मिनिटं फोटोग्राफरला तिथे पाठवा. नंतर तिथे खरकटंच असतं.

रुखवताचंही तसंच. लाडूंचे मनोरे, भातुकली, क्रोशाची तोरणं आम्ही महिनाभर करत होतो. सकाळी मांडल्या मांडल्या फोटो काढून घेतले. दुपारनंतर पोरं अर्धे चिवडे उघडतात.

फोर्टवाला
आमचं नोंदणी लग्न. विशेष विवाह कायदा, 1954 खाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. सहीचा प्रसंग पाच मिनिटांचा, टेबल सरकारी, त्यामुळे तिथे फोटोंची आशा ठेवली नव्हती. पण आमची नोंदणी झाली त्या जुन्या जकात घरातून बाहेर पडलं की एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या जवळच आहेत. इमारत पश्चिमाभिमुख असल्याने दुपारपर्यंत पायऱ्यांवर थेट ऊन येत नाही, मऊ सारखा प्रकाश मिळतो. आईवडील, सासूसासरे, साक्षीदार मित्र, सगळे तिथे उभे केले आणि मग हॉर्निमन सर्कलमधल्या झाडांखाली. सुट्टी नसलेल्या दिवशी तिथे ऑफिसची गर्दी असते, आम्हाला ती चालली. दोन-तीन फोटोंत मागे डबेवाले आलेत, बायकोला तेच जास्त आवडतात.

गिरगावची काकू
आमच्या वेळी एका रोलमध्ये 36 फोटो. सासऱ्यांनी फोटोग्राफरला बजावलं होतं, रोल वाया जाऊ देऊ नकोस. सगळे श्वास रोखून उभे. आमच्या अल्बमात एकही हसरा चेहरा नाही, पण कोण आलं होतं ते सगळं कळतं. सुनेच्या लग्नाच्या फोटोंचा ढीग अजून हार्ड डिस्कमध्येच आहे. आमच्या मुलाला विचारलं की "निवडतोय" म्हणतो.

जिमखान्यातली
संध्याकाळचं लग्न असेल तर सूर्यास्त पाहूनच वेळ ठरवा. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सात वाजून जातात. आमचं स्वागत समारंभाचं लॉन मरीन ड्राइव्हच्या एका जिमखान्यावर होतं. पाहुण्यांना पत्रिकेत सातची वेळ दिली आणि आम्ही दोघं पाचलाच तयार. समुद्राकडून येणाऱ्या तिरप्या उन्हात आमचे फोटो झाले, मग दिवे लागेपर्यंत निळसर आकाश मिळालं. सातनंतर स्टेजवर उभं राहून पाकिटं घेण्यापलीकडे तसंही काही होत नाही.

लेन्समागचा
काकूंच्या हार्ड डिस्कवरून आठवलं. करारात लिहून घ्या की काम करताना कॅमेऱ्यातल्या दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवले जातील, आणि अल्बमची निवड तुम्ही अमुक दिवसांत कराल. हो, ही दुसरी अट तुमच्यासाठी आहे. आणि एक विनंती: आमच्या पोरांना पहिल्या पंगतीत जेवायला बसवा. शेवटच्या पंगतीला बसवलंत तर सूनमुखाच्या वेळी निम्मी टीम जेवत असते.

दादरचा जावई
कानपिळीचं कुणीच बोललं नाही. मेहुण्याला सांगून ठेवा, की कॅमेरा समोर आहे का बघ आणि मगच कान पिळ. आणि खरंच पिळ म्हणावं. आमच्याकडे पठ्ठ्याने लाजून नुसता हात लावला आणि अंगठी घेऊन पळाला.