मित्रकिडींसाठी वालाशेजारी चवळी लावावी की मोहरी?

नमस्कार. साताऱ्याजवळ आमची अर्ध्या गुंठ्याची परसबाग आहे. गेल्या हिवाळ्यात वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढला, तेव्हा त्याच वेलांवर नारिंगी ठिपक्यांच्या लांबट, काळसर अळ्या फिरताना दिसल्या. त्याच वेल खात आहेत असे समजून मी त्या वेचून मारल्या. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या) अळ्या होत्या आणि मावा खाण्यासाठीच तेथे आल्या होत्या, हे नंतर कळल्यावर फार वाईट वाटले. तेव्हापासून रासायनिक फवारणी पूर्ण बंद केली आहे.

यंदा कोथिंबीर आणि शेपूचा एक वाफा न उपटता फुलावर जाऊ दिला. या बारीक, उघड्या फुलांतला मकरंद आखूड तोंडाच्या कीटकांनाही घेता येत असल्यामुळे सिरफिड माश्या येऊ लागल्या. त्यांच्या अळ्याही मावा खातात. एका पानाखाली केसासारख्या देठांवर तोललेली क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची अंडी सापडली, तो दिवस फार आनंदाचा गेला.

आता खरी अडचण. कपाशीत चवळी लावतात, ती तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जावेत आणि पुढे ते कपाशीवर उतरावेत म्हणून. मात्र चवळीवरचा काळा मावा वालावरही वाढतो, त्यामुळे ढालकिड्यांना बोलावण्याच्या नादात मी वालासाठी माव्याचेच बेणे तर तयार करणार नाही ना, अशी भीती वाटते. मोहरीवर येणारा मावा वेगळा असून तो मोहरी-कोबीच्या कुळातल्या पिकांवर राहतो. म्हणून वालापूर्वी दोन-तीन आठवडे कडेने मोहरी पेरावी, असा विचार आहे. हा प्रयोग कोणी केला आहे का? मोहरी सुकल्यावर ढालकिडे वालावर थांबतात, की निघून जातात?

माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात, हेही रोज पाहते आहे. मांडवाच्या खांबांना चिकट पट्टी बांधली, तरी जमिनीवरून वेलावर चढणाऱ्या मुंग्यांना कसे अडवावे? मावा फारच वाढला, तर पाच टक्के निंबोळी अर्क फक्त मावा असलेल्या शेंड्यांवर मारण्याची तयारी आहे. परंतु त्याच शेंड्यांवर ढालकिड्याच्या अळ्या असतील, तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने मावा झाडणे बरे का? स्वतः वाल लावणाऱ्यांनी आपला अनुभव, पेरणीच्या महिन्यासह, कृपया सविस्तर लिहावा.