गावातून फोनवर थेरपी घेतलीय का कुणी? बसायचं कुठे आणि आधी विचारायचं काय?

टिटवी
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गेले सात-आठ महिने मधूनच छातीत धडधडतं, हातांना मुंग्या येतात आणि आता आपण जातोय असं वाटतं. हृदय, थायरॉइड सगळं तपासून झालं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अ‍ॅटॅक आहेत, थेरपी घ्या. जवळातली जवळची थेरपिस्ट सत्तर किलोमीटरवर. त्यात गाडीत बसलं की हमखास धडधड सुरू होते, म्हणजे उपचाराला जायचं तर आधी दुखणंच अंगावर घ्यायचं!

म्हणून ऑनलाइनचा विचार आहे. पण रेंज फक्त माडीवरच्या खिडकीपाशी मिळते आणि व्हिडिओ तिथेही अडकतो. घरात सहा माणसं. दार लोटलं की दोन मिनिटांत कुणीतरी "काय गं, बरं नाही का?" म्हणत आत. नुसत्या आवाजावर थेरपी होते का? की पैसे पाण्यात? आणि पलीकडची व्यक्ती खरंच शिकलेली आहे हे कसं ओळखायचं?

बांधावरचा
होते. माझी बावीस सेशन्स झाली, त्यातली वीस निव्वळ आवाजावर. पहिली दोन व्हिडिओवर केली. थेरपिस्टचा चेहरा गोठायचा, तोंड उघडं तसंच राहायचं आणि मी आपला वाट बघत बसायचो. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, कॅमेरा बंद करू. मला तर ते बरंच वाटलं, समोर कुणी बघत नसलं की मी जास्त खरं बोलतो.

जागेचं म्हणशील तर मी शेडमध्ये उभ्या गाडीत बसायचो, काचा वर करून. दुपारी भट्टी व्हायची, म्हणून सकाळी सातची वेळ घेतली. घरच्यांना सुरुवातीला काही बोललो नव्हतो. जोवर लपवत होतो तोवर सगळ्यांचे कान गाडीकडे. शेवटी सरळ सांगितलं, गुरुवारी सात ते आठ मी फोनवर असतो, हाक मारू नका. दोन आठवड्यांत कुणाला काही पडलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घे. नवव्या सेशनला मी वडिलांबद्दल बोलत होतो, चांगली पाच मिनिटं. मग लक्षात आलं, पलीकडे कुणीच नाही, फोन कधीच कटलाय. त्या दिवशी परत लावलाच नाही. त्यानंतर नियम केला: कट झाला तर तिनेच लावायचा, मी नाही, दोनदा नेटवरून लागला नाही तर साधा कॉल, आणि बोलताना तिने मधूनमधून "हं" म्हणायचं. एवढ्याशा "हं"ने केवढा फरक पडला!

उंबरठा
मी याच कामात आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

दुरून मानसोपचार हे कालपरवाचं खूळ नाही. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये 1959 पासून दुतर्फा टीव्हीवर हे प्रयोग चालू होते, आणि 1964 मध्ये ओमाहातली मानसोपचार संस्था सुमारे 180 किलोमीटर दूरच्या नॉरफोकच्या रुग्णालयाला तशीच जोडली गेली. नुसत्या फोनबद्दल विचाराल तर शिकागो परिसरात नैराश्याच्या 325 रुग्णांवर झालेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फोनवर, निम्म्यांना समोरासमोर, तीच सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), 18 सेशन्स. मध्येच सोडून जाणारे फोनवाल्यांत साधारण 21 टक्के, समोरासमोर 33 टक्क्यांच्या आसपास. उपचार संपला तेव्हा दोन्हीकडे सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोरवाले थोडे सरस निघाले, तेही सांगायला हवं. अर्थात तो अभ्यास नैराश्याचा होता, पॅनिकचा नव्हे.

टिटवी, पॅनिकसाठी सीबीटीच विचारा. त्यात नुसत्या गप्पा नसतात. मी पेशंटला एक मिनिट जागच्या जागी धावायला लावते, किंवा खुर्चीत गोल फिरायला. मग विचारते, आता धडधड किती, दहापैकी? शरीर तेच करतं जे अ‍ॅटॅकमध्ये करतं, फक्त या वेळी कारण तुम्हाला माहीत असतं. हे फोनवर उत्तम जमतं. उलट तुम्ही तुमच्याच घरात असता, जिथे अ‍ॅटॅक येतात तिथेच. पुढे गाडीत बसण्याचा सरावही थेरपिस्ट कानात असताना करता येतो, आधी बंद गाडीत, मग चालू गाडीत. (स्टिअरिंगवर दुसरं कुणीतरी हवं, हे वेगळं सांगायला नको.) हृदयाची तपासणी आधीच झालीय हे फार बरं झालं, त्याशिवाय मी धावायला लावत नाही.

माणूस पारखायचा तर नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तो स्वतः पडताळून पाहा. अनेक ठिकाणी परवाना पेशंट जिथे बसलाय तिथला लागतो, थेरपिस्टच्या गावचा नाही, तेही विचारा. पॅनिकचे किती पेशंट पाहिलेत? नोंदी कुठे ठेवता? आणि सेशन चालू असताना माझी तब्येत बिघडली तर तुम्ही नेमकं काय कराल? या शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला नमस्कार करावा. चांगला थेरपिस्ट दर वेळी सुरुवातीलाच तुम्ही कुठे आहात आणि जवळ कुणाचा नंबर आहे हे विचारतो. ती चौकशी भोचकपणाची नाही. दूर बसून मदत पाठवायची तर पत्ता लागतो.

जीव द्यायचे विचार येत असतील, भास होत असतील, दारू एकदम सोडल्यावर हात कापत असतील, तर आठवड्याच्या फोनची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. औषधं लागलीच तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर वेगळा.

कोरा कागद
जरा उलट अनुभव. मी एका अ‍ॅपवर नुसतं चॅट घेतलं होतं. मी रात्री लिहायचो, उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. दीड महिन्यात तीन समुपदेशक बदलले, प्रत्येकाला पहिल्यापासून रामायण सांगा. शेवटचा तर मला दुसऱ्याच नावाने हाक मारत होता. टिटवी, आवाज चालेल, पण माणूस एकच हवा, हे आधी कबूल करून घे.

बांधावरचा
कोरा कागद, +१. आणि इअरफोन वायरचाच घे. ब्लूटूथने ऐन वेळी मान टाकली होती माझ्या.

टिटवी
सगळ्यांचे आभार. दोन थेरपिस्टना फोन केला. पहिलीला उंबरठा यांचा शेवटचा प्रश्न विचारला तर म्हणाली, "तशी वेळच येणार नाही हो." दुसरीने मी काही बोलायच्या आत विचारलं, "आत्ता तुम्ही कुठे आहात, मोकळं बोलता येईल ना?" तिच्याकडे मंगळवारची वेळ घेतलीय. घरात आईला सांगितलं. ती म्हणाली, मी जिन्यात निवडत बसते, कुणाला वर सोडत नाही.

फक्त एक शंका. माडीची जमीन लाकडी आहे. मी वर एक मिनिट धावले तर खाली काय वाटेल?

उंबरठा
मग जिना दोनदा चढा-उतरा, तेवढंच काम होतं. आईला जरा सरकून बसायला सांगा.