पेटीतल्या बाळाची शुगर सारखी का बघतात? मशीनवर ३८, लॅबमध्ये ५१, खरं कुठलं?

रावपुरावाला
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. बायकोचं बीपी फार वाढलं म्हणून ३२ व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं, मुलगी झाली, वजन १५०० ग्रॅम. रडली लगेच, श्वास पण बरा आहे म्हणतात, पण वॉर्मरवर ठेवलीय, सलाईन चालू आणि तोंडातून नळी घालून दूध. मला त्रास होतोय तो टाचेचा. दर थोड्या तासांनी टाचेला टोचून शुगर बघतात, एवढीशी टाच आणि तिच्यावर निळे डाग. काल रात्री सिस्टरच्या मशीनवर ३८ आलं, एकदम धावपळ, डॉक्टरांनी सलाईनमधून काहीतरी दिलं, आणि नंतर लॅबचा रिपोर्ट आला तर ५१! मशीन म्हणजे आमच्या बाबांकडे आहे तसलंच दिसतं. मग उगाच औषध दिलं का? लंडनची वहिनी म्हणते तिकडे २.६ धरतात, ते कसलं माप देव जाणे. आई म्हणते दोन्हीकडून डायबिटीस आहे घरात, तो आला पोरीला. शेजारच्या बेन म्हणतात गळथूथी (जन्मल्यावर बाळाला चाटवतात ती गोड घुटी) दिली नाही म्हणून झालं. आणि मामांच्या दंडावर ते चिकटवायचं सेन्सर आहे, ते का नाही लावत, टोचायचं तरी वाचेल? डॉक्टर राउंडला येतात पण त्यांच्यामागे इतकी गर्दी असते की माझं विचारायचं राहूनच जातं.

सिस्टर_कारेलीबाग
दादा आधी अभिनंदन, लक्ष्मी आली घरी. मी पण नवजात वॉर्डातच काम करते (तुमच्या दवाखान्यात नाही). पहिले हे सांगा, लॅबचं रक्त कधी काढलं, बोलस (सलाईनमधून एकदम दिलेला डोस) द्यायच्या आधी की नंतर? कारण नंतर काढलं असेल तर ५१ येणारच, त्यासाठीच तर दिलं. आणि आधी काढलं असेल तरी डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसणार नाहीत, रिपोर्टला तास तास लागतो आणि तेवढा वेळ मेंदूला साखरेशिवाय ठेवायचं का? आमच्याकडे नियमच आहे, मशीनवर कमी दिसलं की एकीकडे लॅबला सँपल पाठव आणि दुसरीकडे उपचार चालू कर. तुमच्या १५०० ग्रॅमच्या पोरीला बोलस म्हणजे किलोला २ एमएल, म्हणजे १० टक्के डेक्स्ट्रोजचे ३ एमएल फक्त. औषध कसलं, साखरेचं पाणी आहे ते, आणि त्यात साखर ग्रॅमचा तिसरा हिस्सा पण नाही.

टाचेचं म्हणाल तर टोचणारीच्या हातावर खूप आहे हो. टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध किंवा मागच्या गोलाईवर नाही, तिथे हाड जवळ असतं. टाच गार असेल तर आधी गरम करून घ्यायची, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. दाबून दाबून काढलं की डाग पण पडतात आणि आकडा पण चुकतो. तुम्ही प्रेमाने विचारा की टोचताना तोंडात चिकाचे दोन थेंब देता येतील का, बाळ खूप शांत राहतं त्याने. कोणी रागावणार नाही, मी तर खूष होते आईबाप विचारतात तेव्हा.

मामा_अलकापुरी
सेन्सर बाहेरून विकत घ्या आणि त्यांना द्या लावायला. पैसे आपले तर त्यांना काय प्रॉब्लेम, मी स्वतः दोन वर्षं लावतोय एकदम मस्त आहे

लॅबवाला_इंदूर
काका तुमचं आमचं ठीक आहे, दीड किलोच्या बाळाला तसं लावत नसतात. त्यावर डॉक्टरच बोलतील, मी लॅबच्या बाजूचं सांगतो, रोज हेच भांडण असतं वॉर्डाशी, "तुमचा आकडा वेगळा आमचा वेगळा". अहो वेगळाच येणार! ग्लुकोमीटर मोठ्या माणसांसाठी बनलेलं आहे, त्याचं स्टँडर्डच असं आहे की १०० च्या खाली १५ इकडे तिकडे चालतं. मोठ्यांत ९५ चं ११० झालं तर कोणाला फरक पडतो, पण ३८ म्हणजे मग २३ पण असू शकतं नि ५३ पण. त्यात नवजात बाळाचं रक्त दाट, तांबड्या पेशी खूप, त्यामुळे बरीच मशीनं खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. बाळाला ऑक्सिजन चालू असेल तर काही स्ट्रिपा त्यानेही फसतात. आणि सर्वात बेकार म्हणजे डेक्स्ट्रोज चालू असलेल्या लाईनमधूनच रक्त काढणं, मग आकडा असा चढून येतो की विचारू नका.

पण लॅबचा आकडा म्हणजे देववाणी असंही समजू नका. रक्त नळीत पडलं की त्यातल्या पेशी साखर खात राहतात. करड्या झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं पण त्याचा पूर्ण असर व्हायला पण तास-दोन तास जातात, तोवर साखर थोडी उतरतेच. सँपल वॉर्डात ट्रेमध्ये पडून राहिलं, वॉर्डबॉय चहा पिऊन आला, की झालं. म्हणून ५१ आलंय ना, काढलं तेव्हा ५१ किंवा थोडं जास्तच असेल, कमी नाही.

डॉक्टर_नवजात
सिस्टर आणि लॅबवाले दोघांनी बरोबर सांगितलंय. राहिलेलं मी सांगते, थोडं लांबेल.

आजीला सांगा डायबिटीस नाहीये, उलटं प्रकरण आहे. पोटात असताना नाळेतून आईची साखर चोवीस तास येत असते, नाळ कापली की नळ बंद. पूर्ण दिवसांच्या बाळाची पण पहिल्या एक-दोन तासांत साखर खाली जाते आणि मग ते स्वतः चढवतं, यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर. हा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि तुमची मुलगी तो भरायच्या आधीच आली. अंगावर चरबी नाही, साखर बनवणारी यंत्रणा कच्ची, आणि जरा गारठली की आहे ती पण लवकर जळते. आणखी एक विचारते, बायकोला बीपीसाठी लॅबेटालॉल चालू होतं का? त्याने पण बाळाची शुगर उतरू शकते. आणि लक्षणं दिसतील तेव्हा बघू असं चालत नाही, कारण कितीतरी बाळं ३० ला पण शांत झोपलेली असतात. थरथर, सुस्ती, श्वास थांबणं, झटका, हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून टोचणं.

वहिनींचं २.६ म्हणजे मिलिमोल, १८ ने गुणा, आपल्या मिलिग्रॅमच्या मापात ४७ होतात. आपल्याकडे बरेच दवाखाने ४० धरतात, काही ४५. ही रेघ कुठे मारायची यावर आमच्यातच एकमत नाही. २.६ ला वजन आलं १९८८ च्या इंग्लंडमधल्या अभ्यासाने, कमी दिवसांच्या ज्या बाळांची साखर बरेच दिवस त्याखाली राहिली ती पुढे विकासात मागे पडलेली दिसली. मग २०१२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात तशी मुलं १५ वर्षांची झाल्यावर तपासली तर इतरांपेक्षा काही फरक नाही मिळाला. त्यामुळे एका ३८ ने घाबरू नका. वारंवार येणं, खूप वेळ राहणं, लक्षणांसकट येणं, याची काळजी जास्त.

सेन्सर. मामा, ते रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतं, ती काही मिनिटं मागे असते, आणि अगदी खालच्या आकड्यांवर त्याचा भरवसा कमी. युरोपात १२०० ग्रॅम आणि त्याखालच्या बाळांच्या मांडीला लावून मोठा अभ्यास झालाय, २०२१ मध्ये छापून आला, त्यात बाळं योग्य रेंजमध्ये जास्त वेळ राहिली हे खरं. पण ते एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) टीमने, रक्ताशी ताळा बघत वापरलेलं. ऑनलाईन मागवून सिस्टरच्या हातात द्यायची वस्तू नाही ती.

आणि गळथूथी, मध, गूळपाणी काहीही नाही, बोटाला लावून पण नाही. मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, वर्षभर तरी मध नको. बेनना माझं नाव सांगा.

चिमीची_आई
माझी पण ३१ आठवड्यांची होती, आता शाळेत दंगा करते. दादा वहिनींना जपा, सगळे पेटीकडे धावतात आणि बाळंतीण एकटी पडते. तिला दर दोन-तीन तासांनी चीक काढायला बसवा, सुरुवातीला थेंबच येतात, तेच सिरिंजमध्ये भरून न्या, लाजू नका किती कमी आहे म्हणून. आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून कांगारू, छातीशी. बाप पण करू शकतो हं, शर्टाची बटणं काढून बसायचं.

रावपुरावाला
सगळ्यांचे खूप आभार. आज राउंडला कागदावर लिहूनच नेलं, डॉक्टर हसले पण सगळं सांगितलं. लॅबचं रक्त बोलसच्या आधीचंच होतं, म्हणजे मशीनच कमी दाखवत होतं, पण तरी दिलं तेच योग्य म्हणाले. लॅबेटालॉल चालू होतं!! तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत. आज सगळे आकडे ६० च्या वर आहेत. बेनना मी सांगितलं, त्या रुसल्यात. आता एवढंच की हे टोचणं कधी थांबतं?

सिस्टर_कारेलीबाग
सलाईन एकदम बंद नाही करत दादा. दूध वाढवत नेतात तसं पंप हळूहळू उतरवतात, आणि प्रत्येक वेळी उतरवलं की शुगर बघावीच लागते. म्हणजे मधे एक दिवस उलट जास्त टोचल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. सलाईन पूर्ण बंद झाल्यावर नुसत्या दुधावर आकडे टिकले की टोचायचं अंतर वाढतं, मग बंदच. उद्या पंप तासाला किती एमएलवर आहे ते विचारा, सध्या ५ च्या आसपास असेल, तो आकडा रोज उतरताना बघा.

मामा_अलकापुरी
ठीक आहे सेन्सर कॅन्सल. पण पेढे मात्र पाहिजेत दुल्लीरामचे, माझी शुगर मी बघून घेईन